लिलीपाँडचं पान बिघडलं की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत मी संगीत शिकवते आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांची स्वरलिपी टाइप करून देते. लातूरकडचा एक ब्रास बँड, जालन्याच्या बाजूचं एका चर्चचं क्वायर, भारुडांच्या आणि गोंधळाच्या चाली कागदावर उतरवून ठेवणारे दोन-तीन शिक्षक, असं आमचं गिऱ्हाईक. या सगळ्यांना स्वरलिपी छापून देणाऱ्या लिलीपाँड या प्रोग्रामची सवय मीच लावली आणि ती माझ्याच अंगाशी आली. रात्री साडेदहाला फोनवर स्क्रीनचा फोटो येतो, खाली एकच वाक्य: "ताई, पान बिघडायलंय." तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून एकदाची लिहून काढली.

एक सूचना आधी. कमांडींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, आणि बहुतेकींच्या आधी उलटी तिरकी रेघ लागते. स्पेलिंग आठवेना तर फ्रेस्कोबाल्डी या एडिटरमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करा, पुढचं तो सुचवतो.

लिलीपाँडमध्ये सूर माउसनं उचलून सरकवता येत नाही का?

नाही. इथे आपण साध्या मजकुराची फाइल लिहितो, प्रोग्राम ती वाचतो आणि छापायला तयार पीडीएफ देतो. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ साली हे काम सुरू केलं. आज तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे आणि फुकट मिळतो. सुरांची मूळ नावंही डच आहेत: शार्पला (अर्धा स्वर चढा) "इस", फ्लॅटला (अर्धा स्वर उतरता) "एस". लँग्वेज कमांडनं ती इंग्रजी करता येतात.

हाताने कोरलेल्या जुन्या युरोपीय छपाईसारखं पान दिसावं हा त्यांचा ध्यास होता. त्यामुळे कुठला सूर कुठे बसेल, ओळ कुठे तुटेल, दोन ओळींत किती जागा राहील, हे सगळं प्रोग्राम स्वतः हिशोब करून ठरवतो. पान वेडंवाकडं आलं की त्या हिशोबात आपण काहीतरी चुकीचं घातलेलं असतं. ते शोधायचं. सरकवासरकवी अगदी शेवटी.

पान बिघडलंय. आधी काय बघू?

पीडीएफ बाजूला ठेवा आणि लॉग वाचा. खालच्या खिडकीत जे इंग्रजी धावत जातं ते कोणी वाचत नाही, आणि नव्वद टक्के उत्तर तिथंच असतं. (नव्वद हा आकडा माझा अंदाजपंचे.) चूक असेल तर तिथे ओळीचा नंबर असतो, फ्रेस्कोबाल्डीत त्यावर क्लिक केलं की थेट त्या जागी पोचता.

एकच चूक अशी आहे जिचा नंबर फसवतो. फाइलीच्या अगदी शेवटी, किंवा तुम्ही कधी न उघडलेल्या "इनिट" नावाच्या फाइलीत चूक आहे असं लॉग म्हणाला, तर तुमचा एखादा महिरपी कंस बंद व्हायचा राहिलाय. ती इनिट फाइल उघडून बघू नका. आपलेच कंस मोजा.

ओळ तुटतच नाही. सरळ कागदाच्या बाहेर चाललीय.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि याची मुळं तीन.

पहिलं मूळ मात्रांचा हिशोब. लिलीपाँड फक्त बारच्या (म्हणजे तालाच्या एका आवर्तनाच्या) उभ्या रेघेवर ओळ तोडतं, आणि तीही तिथे एखादा सूर रेघ ओलांडून पुढे जात नसेल तरच. मागच्या महिन्यात एक भजन आलं, रूपकमधलं, सात मात्रांचं. मात्रा म्हणजे पावनोट, म्हणून टाइम सात-चार. पहिली ओळ ठीक, आणि पुढचं सगळं उजवीकडे पानाबाहेर. तिसऱ्या बारमध्ये गुरुजींनी एका सुरापुढे ८ ऐवजी ४ टाइप केलं होतं. अर्धी मात्रा जादा झाली. मग चौथ्या बारपासून प्रत्येक आवर्तनाची सम अर्ध्या मात्रेनं मागे-पुढे, प्रत्येक उभी रेघ कुठल्यातरी सुराच्या पोटातून जाणारी. प्रोग्रामला तोडायला जागाच सापडली नाही. एक आकडा बदलला, दोन पानं नीट लागली.

हे टाळायला बारचेक वापरा: प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक उभा दांडा टाइप करायचा. त्यानं छपाईत काहीच उमटत नाही. फक्त हिशोब चुकला की "बारचेक फेल्ड" म्हणून लॉगमध्ये बोंब होते, आणि ती चुकीच्या आवर्तनातच होते. तबलजी टाळी देऊन सम दाखवतो ना, तेवढंच हे काम. आमच्याकडे बारचेक नसलेली फाइल मी दुरुस्तीला घेत नाही.

दुसरं मूळ आलाप. तालाशिवायचा भाग "कॅडेन्झा ऑन" करून लिहिला की उभ्या रेघाच बंद होतात, मग ओळ कुठे तुटणार? जिथे श्वास घ्यायचा तिथे बार कमांड देऊन अवतरणचिन्हांत काहीच लिहू नका. ही न दिसणारी रेघ. तिथे ओळ तुटू शकते. तिथे तोडायचीच असेल तर पुढे ब्रेक द्या. भारुडाच्या मधल्या बोलण्यालाही मी हेच करते.

तिसरं मूळ म्हणजे रेघेवरून पलीकडे गेलेला बीम, म्हणजे सुरांच्या दांड्या जोडणारी जाड पट्टी. हाताने चौकोनी कंस घालून बीम दोन बारमध्ये पसरवला असेल तर तिथे ओळ तुटत नाही. बीमचा "ब्रेकेबल" गुण चालू करा, किंवा बीमच तोडा. गायकाला दुसरं बरं पडतं.

सूर खरोखरच रेघ ओलांडून लांबत असेल, म्हणजे चूक नसेल, तर तो दोन तुकड्यांत लिहून टायनं (जोडणाऱ्या कमानीनं) जोडा. तुकडे आपोआप पाडून देणारं "कंप्लीशन हेड्स एन्ग्रेव्हर" असतं. लांब सूर बरेच असतील तर ते लावा.

शेवटच्या पानावर एकच ओळ पडते. ती मागच्या पानावर कशी घेऊ?

फाइलीतल्या कागदाच्या मापांच्या, म्हणजे पेपर विभागात "पेज-काउंट" असं लिहून पानांची संख्या सांगा, उदाहरणार्थ २. प्रोग्राम जागा आवळून बघतो. मावणारंच नसेल तर गर्दी होते, मग स्टाफ (सुरांच्या पाच रेघा) लहान करायचा. मूळ माप २० पॉइंट, म्हणजे पाच रेघांची उंची साधारण ७ मिलिमीटर. गाण्याच्या वहीसाठी १८ छान दिसतं. १६च्या खाली मी जात नाही, कारण क्वायरमधले निम्मे लोक चाळिशी घरी विसरून येतात. हे माप बदलायची "सेट-ग्लोबल-स्टाफ-साइझ" ओळ फाइलीच्या सुरुवातीला असते, पेपर विभागाच्या बाहेर. आणि कागदाचा आकार पेपर विभागात देत असाल तर तो सगळ्यांत आधी. नाहीतर तुम्ही दिलेले समास तो पुसून टाकतो.

पहिली ओळ १५ मिलिमीटर आत सरकलेली असते, परिच्छेदासारखी. वाद्याचं नाव लिहायचं नसेल तर "इंडेंट" शून्य करा. नुसत्या तेवढ्यानं एक बार मागे सरकतो आणि कधीकधी सगळा प्रश्नच मिटतो.

उलटी तक्रारही येते: ओळी तीनच, आणि पानभर फाकलेल्या, जणू पंगतीत तीनच पानं मांडलीत. पान वरपासून खालपर्यंत भरायचं हा त्याचा स्वभाव. शेवटचं पान तेवढं तो मोकळं सोडतो. "रॅग्ड-बॉटम" खरं केलं की सगळ्याच पानांवर ओळी आपल्या जागी राहतात.

ओळींमधलं अंतर "सिस्टिम-सिस्टिम-स्पेसिंग" मध्ये चार आकड्यांनी ठरतं: मूळ अंतर, कमीत कमी अंतर, दोन वस्तूंमधली मोकळी जागा, आणि किती ताणलं जाईल ते. लोक मूळ अंतर बदलतात आणि "काहीच फरक पडंना" म्हणतात. बहुतेक वेळा मधे शब्दांच्या दोन ओळी आहेत आणि त्यांनीच जागा अडवलीय. म्हणजे अंतर मोकळ्या जागेच्या आकड्यानं ठरतंय. नक्की काय अडतंय ते बघायला पेपर विभागात "अॅनोटेट-स्पेसिंग" चालू करा. पानावर बाण आणि आकडे उमटतात. दिसायला भयंकर, पण पाच मिनिटांत कळतं. छापण्याआधी बंद करायला विसरू नका. माझ्याकडून एकदा विसरलं होतं, आणि नाथषष्ठीच्या आधी वीस प्रती बाणांसकट निघाल्या.

मराठी शब्दांच्या जागी चौकोन येतात, किंवा भलतीच अक्षरं.

चौकोन आले तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. संगणकावर नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता बसवा आणि लिरिक-टेक्स्टच्या "फॉन्ट-नेम" मध्ये तेच नाव द्या, अक्षर न् अक्षर तसंच. प्रोग्रामला कुठले फॉन्ट दिसतात ते "शो-अव्हेलेबल-फॉन्ट्स" हा पर्याय देऊन बघता येतं.

लॉगमध्ये "ग्लिफ नेम" काढताना चूक झाली असं आलं तर फाइल युटीएफ-८ मध्ये सेव्ह झालेली नाही. एडिटरच्या सेव्ह-अॅजमध्ये ते निवडा.

तिसरा प्रकार आपल्याकडचा खास. डीटीपीवाल्यानं वीस वर्षांपूर्वी टाइप केलेली गाणी पेटीसारखी जपून ठेवलेली असतात. ती जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. त्यात "क" च्या जागी आतून इंग्रजी अक्षर असतं, वर फक्त मराठी मुखवटा. लिलीपाँडमध्ये चिकटवलं की मुखवटा गळतो. कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या आणि मग रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, तिथेच गडबड राहते.

मराठी कीबोर्ड चालू असताना टाइप केलं, तर सगळंच अडतं. का?

सुरापुढचा काळ इंग्रजी आकड्यांतच लागतो. मराठी ४ त्याला आकडा वाटत नाही, अक्षर वाटतं. गंमत म्हणजे याचाच फायदाही आहे. शब्दांमध्ये कडव्याचा आकडा इंग्रजीत लिहिला तर तो त्याला काळ समजतो आणि सगळं घसरतं. मराठीत लिहिला तर गुपचूप छापतो. तरी कडव्याच्या आकड्याला "स्टॅन्झा" म्हणून वेगळी सोय आहे, तीच वापरा. आकडा मग ओळीच्या डावीकडे नीट उभा राहतो.

सुरांच्या तुकड्यांना नाव मात्र देवनागरीत देता येतं. मी "ध्रुपद", "कडवं" अशीच नावं ठेवते. वाचायला सोपं जातं.

शब्द सुरांखाली बसंनात. दुसऱ्या ओळीपासून घसरायलेत.

यावर थोडं बसून बोलू, कारण इथे आपली जुनी सवय आणि प्रोग्रामची सवय भांडतात.

भातखंड्यांच्या स्वरलिपी पद्धतीत शब्द लांबवायचा तर आपण अवग्रह घालतो. "उदो" मधला "दो" तीन सुरांवर फिरला की आपण लिहितो: उ, दो, ऽ, ऽ. लिलीपाँडमध्ये मात्र तीन सुरांवर स्लर, म्हणजे कमान, टाकला की तो आपणहून समजतो की इथे एकच अक्षर, आणि पुढचे दोन सूर वगळतो. आता तुम्ही शब्दांच्या ओळीत "उ -- दो ऽ ऽ आ -- ई" असं दिलंत, तर "दो" स्लरच्या पहिल्या सुराखाली जातो, पहिला ऽ स्लर संपल्यानंतरच्या सुराखाली, दुसरा त्याच्या पुढे. "आई" दोन सूर उशिरा येते, पुढच्या स्लरवर आणखी दोन, आणि तिसऱ्या ओळीत गाणं संपतं तरी शब्द उरतात.

दोन उपाय, आणि कुठला तरी एकच पकडा. अवग्रह काढून टाका आणि शब्दाच्या शेवटी मोकळी जागा सोडून दोन अंडरस्कोर द्या. मग लांब आडवी रेघ ओढली जाते. किंवा अवग्रह ठेवा आणि शब्दांच्या सुरुवातीलाच "इग्नोर-मेलिस्माटा" चालू करा. मग स्लर असो नसो, प्रत्येक सुराला एक अक्षर. क्वायरला मी पहिला उपाय देते. पेटीवाल्या गुरुजींना दुसरा, कारण अवग्रह मोजत गाण्याची त्यांची सवय मोडायला मला काही पडलेलं नाही.

अक्षरं तोडताना मधे दोन आडव्या रेघा, आणि दोन्हीकडे मोकळी जागा. एकच रेघ दिली तर ती शब्दाचाच भाग होते. जोडाक्षर कधीही फोडायचं नाही: "वि -- ठ्ठल", "ज्ञा -- ने -- श्व -- र". काही जण पाय मोडून "विठ् -- ठल" लिहितात. गायला तसंच येतं हे खरं, पण छापलेलं वाचताना डोळा अडखळतो. माझं मत पक्कं आहे, वाद घालायचा असेल तर चहा तुमच्याकडे.

वरच्या कडव्याचे उकार खालच्या कडव्याच्या वेलांट्यांवर चढायलेत.

इंग्रजी शब्दांसाठी ठरलेलं अंतर मराठीला पुरत नाही. आपलं अक्षर वर मात्रा आणि रफार घेऊन आणि खाली उकार घेऊन चालतं. "गुरू" च्या खाली "कीर्ती" आलं की भांडण ठरलेलंच. शब्दांच्या दोन ओळींमधलं अंतर व्हर्टिकल-अॅक्सिस-ग्रुपच्या "नॉनस्टाफ-नॉनस्टाफ-स्पेसिंग" मध्ये असतं. त्यातलं कमीत कमी अंतर मी ३.५ ठेवते. फॉन्टप्रमाणे थोडं इकडेतिकडे करा. लेआउट विभागात एकदाच, लिरिक्स कॉन्टेक्स्टसाठी लिहायचं. प्रत्येक कडव्याला वेगळं नको.

अक्षर लांबलचक असलं की सूर फाकतात. एक बार रुंद, बाकीचे अरुंद.

अक्षर मावलं पाहिजे म्हणून प्रोग्राम सुरांना जागा देतो. शब्दांचा आकार अर्धा-एक पायरी कमी करा. तरी फाकलं तर बघा, तिथे खरंच एकच अक्षर आहे का? एका सुरावर अख्खा शब्द कोंबला असेल तर ती लय लिहिण्यातली चूक असते. भारूड म्हणणारा तिथे सोळांश म्हणतो आणि आपण आठवांश लिहिलेला असतो.

काळी पाचचं गाणं लिहिलं तर शार्पच शार्प. पान काळंकुट्ट झालं.

यात लेआउटचा काही दोष नाही, पण विचारतात सगळे लेआउट म्हणूनच.

पेटीवर काळी पाच म्हणजे पाश्चात्त्य ए-शार्प. तोच पडदा बी-फ्लॅटही आहे. सा ला ए-शार्प मानून बिलावल थाट लिहिला तर चार शार्प आणि तीन डबल शार्प होतात, म्हणजे एकूण दहा शार्पांचं ओझं. प्रत्येक बारमध्ये चिन्हांची झुंबड, त्यांना जागा द्यायला सूर फाकतात, ओळीत तीन बार मावतात, आणि मग तुम्ही पेज-काउंट घेऊन बसता. बी-फ्लॅट मानलं तर फक्त दोन फ्लॅट. पडदा तोच, सूर तेच, पान अर्धं.

मी सगळं आधी सी मध्ये लिहिते, पांढरी एक धरून, आणि शेवटी ट्रान्सपोझ कमांडनं हव्या पट्टीत नेते. ट्रान्सपोझ अगदी आज्ञाधारक आहे. "आइस" सांगितलं तर ए-शार्प, "बेस" सांगितलं तर बी-फ्लॅट. तुमचं भलं कशात आहे ते तो बघत नाही.

बँडवाल्यांना यात आणखी सोय. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बहुतेक बी-फ्लॅटचे असतात, त्यांचा भाग एक पूर्ण स्वर वर लिहितात. काळी पाचचं गाणं बी-फ्लॅटमध्ये मांडलं तर त्यांच्या हातात सी मेजर येतं, एकही चिन्ह नाही. ए-शार्पमध्ये मांडलं तर बी-शार्प मेजर, आणि पोरं लग्नाच्या वरातीतून पळून जातील.

स्टाफच्या खाली सरगम पण हवी. कोमल-तीव्र कसं दाखवू?

सरगम ही शब्दांचीच आणखी एक ओळ समजा. सुरांखाली आधी सरगम, तिच्या खाली बोल. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ युनिकोडमध्ये वैदिक स्वरचिन्हं म्हणून आधीच आहेत: ग॒, म॑. ती अक्षरानंतर टाइप केली की झालं, वेगळी चित्रकारी नको. काही फॉन्टांत ही रेघ अक्षरापासून तुटून बाजूला पडते. मग फॉन्ट बदला. तार सप्तकाच्या सा ला "सां" लिहायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, तीच ठेवा. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी (१८६०–१९३६) घालून दिलेली लिपी संपूर्णपणे, विभागांच्या रेघा आणि टाळी-खालीच्या खुणांसकट हवी असेल, तर लिलीपाँडमध्ये ती तयार मिळत नाही. खाली सरगमची ओळ एवढ्यावर माझं काम भागतं.

झपतालात बीम दोन-तीन-दोन-तीन पडत नाहीत.

टाइम कमांडमध्ये आधी विभाग सांगा, मग माप: दोन, तीन, दोन, तीन आणि पुढे दहा-आठ. विभाग न सांगितल्यास तो आपल्या मनानं गट पाडतो, आणि ते गट झपतालाचे नसतात.

बायकांचे आणि पुरुषांचे सूर एकाच स्टाफवर. दांड्या एकमेकांत घुसतात.

वरच्या ओळीला "व्हॉइस-वन", खालच्या ओळीला "व्हॉइस-टू" द्या. मग एकीच्या दांड्या वर, दुसरीच्या खाली. लॉगमध्ये "नोट कॉलम" एकमेकांवर आले असं आलं तर हेच राहिलंय.

सोपा मार्ग म्हणून बरेच जण दोन उलट्या तिरक्या रेघा घालून आवाज वेगळे करतात. चार बारांपुरतं चालतं. पण त्यानं नवे आवाज तयार होतात आणि शब्द जुन्या आवाजाला बांधलेले असतात, म्हणून त्या जागी शब्द गायब होतात. चर्चच्या गाण्यात दोन्ही आवाजांना आधीच नाव द्या, आणि शब्दांना "लिरिक्स-टू" नं त्या नावाशी बांधा.

बदल लिहिला, पण पानावर काहीच होत नाही.

पत्ता चुकलाय. प्रत्येक वस्तूचं एक घर असतं. बार नंबर स्कोअरमध्ये राहतो, टाइम सिग्नेचर स्टाफमध्ये, दांडी आणि स्लर व्हॉइसमध्ये. ओव्हरराइड (वस्तूचा गुण बदलायची कमांड) लिहिताना घर सांगितलं नाही तर तो व्हॉइसमध्ये शोधतो, वस्तू तिथे नसते, आणि तो तक्रारही करत नाही. बार नंबरच्या आधी "स्कोअर" आणि टिंब लावून बघा.

बदल एका सुरापुरता हवा आणि पुढे सगळीकडे झाला, तर "वन्स" राहिलंय.

वर लिहिलेल्या सूचना एकमेकींवर चढतात. हातानं सरकवू का?

आधी "टेक्स्ट-लेंग्थ-ऑन" करून बघा. एरवी प्रोग्राम वरच्या मजकुराची रुंदी सुरांच्या अंतरात धरतच नाही. हे चालू केलं की धरतो. कोणती सूचना स्टाफच्या जवळ आणि कोणती वर, हे "आउटसाइड-स्टाफ-प्रायॉरिटी" च्या आकड्यानं ठरतं: लहान आकडा जवळ.

"एक्स्ट्रा-ऑफसेट" नं हवं ते हवं तिथे नेता येतं, म्हणून ते सगळ्यांचं लाडकं. पण सगळा हिशोब झाल्यावर ते वस्तू उचलून ठेवतं, बाकीच्यांना त्याची खबरच नसते. आज "सावकाश" नीट बसलं, उद्या एक कडवं वाढवलं, ओळ दुसरीकडे तुटली, आणि तेच "सावकाश" आता कुणाच्या तरी डोक्यावर. एका फाइलीत असे एकतीस ऑफसेट मोजलेत मी. सगळे काढले तर पान आधीपेक्षा बरं दिसलं.

एक रिकामा जादा स्टाफ येतो.

"न्यू स्टाफ" च्या आधी काहीतरी लिहिलंय, बहुधा ओव्हरराइड. ते वाचताच त्यानं स्वतःचा एक स्टाफ उघडला. ती ओळ स्टाफच्या कंसात घ्या.

बँडच्या भागात वीस बार विश्रांती. वीस रिकामे बार छापू का?

विश्रांती लहान आर ऐवजी मोठ्या आर नं लिहा आणि "कंप्रेस-एम्प्टी-मेझर्स" द्या. एक जाड पट्टी आणि वर २० येतं. लहान आर असेल तर ते आवळलं जात नाही, आणि ट्रम्बोनवाला बार मोजता मोजता झोपतो. वादकाला पान उलटायला हात मोकळा मिळावा म्हणून पानं विश्रांतीच्या जागी तोडणारा "पेज-टर्न-ब्रेकिंग" हिशोबही आहे.

स्क्रीनवर छान, झेरॉक्सवर डावी कड कापली.

दुकानदाराला दोन गोष्टी सांगा: कागद ए-फोर, आणि प्रमाण शंभर टक्के. आपल्याकडे ट्रेमध्ये लीगल कागद असतो आणि प्रिंटर त्याच्या सोयीनं पान ताणतो किंवा आवळतो. वरातीत हातातल्या वाद्याला लावायची कार्डं हवी असतील तर कागदाचा आकारच ए-फाइव्ह आडवा सांगा. ए-फोरचं पान अर्धं करून छापलं तर सूर मुंग्यांसारखे दिसतात.

जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडली तर चुकाच चुका.

फाइलीच्या वर व्हर्जनची ओळ असेल तर "कन्व्हर्ट-लाय" चालवा, बहुतेक बदल तो स्वतः करतो. ती ओळ नसेल तर कुठून सुरुवात करायची ते त्याला कळत नाही. म्हणून ती पहिलीच लिहायची सवय ठेवा.

एवढं करून जमलं नाही तर काय पाठवू?

फाइलीची एक प्रत करा. त्यातून कडवी काढा, दुसरा आवाज काढा, शीर्षक काढा, आणि दर वेळी बघा बिघाड अजून दिसतो का. पाच-सहा ओळींत तो दिसत राहिला की तेवढाच मजकूर मला पाठवा, अक्षरांत, कॉपी-पेस्ट करून. सोबत लॉगही. निम्म्या वेळा ही काटछाट करतानाच चूक सापडते आणि मेसेज येतच नाही. स्क्रीनचा तिरपा फोटो मात्र नको. त्यात पंखा दिसतो, बारचेक दिसत नाही.